डेनालीचा शिक्का

आमच्या आईला अमेरिकेबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. तिथल्या सरकारने माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला की मी नागपूरला येणार, आणि नाही मारला की नाही येणार.

हे तिला मीच शिकवलं होतं. खरी भानगड अशी, की मी सनीव्हेलला सॉफ्टवेअरची नोकरी करतो ती वर्क व्हिसावर. नोकरीचा परवाना इथल्या इथे वाढवून मिळतो, पण पासपोर्टमधला व्हिसाचा कागद संपला की तो इथे मिळत नाही. देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत आत यायच्या आधी भारतातल्या त्यांच्या कचेरीत जाऊन नवा कागद चिकटवून घ्यावा लागतो. त्याला आम्ही सगळे स्टँपिंग म्हणतो. तारीख मिळायला महिने जातात. माझा एक मित्र, दुसऱ्या कंपनीतला, भावाच्या लग्नाला दोन आठवडे म्हणून गेला तो पाच महिने अडकला, आणि इकडे त्याची नोकरी गेली. तेव्हापासून कोणी इंडिया ट्रिपचं नाव काढलं की लोक आधी स्टँपिंगचं विचारायचे, घरात सुतक आहे का विचारावं तसे.

एवढं सगळं आईला फोनवर कोण सांगत बसणार? मी म्हटलं, "आई, स्टँपिंग बाकी आहे, ते झालं की आलोच." स्टँपिंगचा तिने शिक्का करून टाकला. इथल्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या रविवारी सकाळी, मी फोन करायचो. जेवण-खाण, गुडघे, खालच्या काकूंची सून, सगळं झालं की शेवटी ती विचारायची, "मंग, शिक्का झाला का रे?"

"नाही गं."

"एवढा मोठा इंजिनिअर तू, अन् एक शिक्का नाही मारून देत कोणी? त्यापेक्षा आपल्या पोस्टातला माणूस बरा. धाड धाड मारतो."

आम्ही दोघंही हसायचो. अशी सहा वर्षं गेली. बाबा आधीच गेले होते. आईच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढे काही म्हणायचे ते ताईला बाजूला घेऊन म्हणायचे. ताई, माझी मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. सकाळ-संध्याकाळ आईकडे जाऊन गोळ्या द्यायची. मी फोन करायचो. वाटणी अशी होती.

अलास्काचं बायकोने काढलं. लग्नाला पंधरा वर्षं होत होती. आम्हाला मूल नाही, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्या वगैरे आड येत नव्हत्या, आड येत होतो तो मी. माझा स्वभाव जरा तिरसट आहे. कुठे जायचं म्हटलं की मला आधी तिथे काय काय बिघडेल ते दिसतं. बायको पुण्याची, ती बोलायला मागे हटत नाही. म्हणाली, "भारतात जायचं नाही, युरोपात जायचं नाही, मेक्सिको नाही. मग निदान जिथे तुझा तो कागद लागत नाही तिथे तरी चल. का फ्रीजवर नकाशा लावून बघत बसू?"

अलास्का देशातल्या देशात. स्टँपिंगचा प्रश्न नाही. आमच्यासारखे निम्मे लोक अलास्काला आणि हवाईला ह्याच कारणाने जातात, निसर्गाची आवड वगैरे नंतर. त्यातही मोठ्या क्रूझ व्हँकुव्हरला टेकतात, म्हणजे कॅनडा आला. म्हणून मी शोधून शोधून छोटी बोट काढली, ऐंशी प्रवाशांची, अलास्काच्या बाहेर पाऊलही न टाकणारी. आधी चार दिवस जमिनीवर, ट्रेनने डेनालीच्या नॅशनल पार्कला जायचं, मग विमानाने जुनोला येऊन सहा दिवस बोटीवर. सगळीकडे गाइड बरोबर. बुक करण्याआधी मी बोटीचा मार्ग तीनदा तपासला.

राहता राहिली आई. तिला काय सांगायचं? 'तुझ्याकडे यायला जमत नाही, पण अस्वलं बघायला जमतंय' असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, "आई, ऑफिसच्या कामाने दहा-बारा दिवस बाहेरगावी जातोय. फोन लागायचा नाही." ताईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन ये. तिला नको सांगू." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

अँकरेजहून निघालेल्या ट्रेनला काचेचं छत होतं. आमच्या गटात एकोणतीस माणसं, बहुतेक रिटायर झालेली गोरी जोडपी, आणि गाइड म्हणजे एक तिशीची मुलगी. ती दर स्टेशनाला आम्हाला बोटाने मोजायची, अंगणवाडीच्या बाईसारखी. बाहेर मैलोन्‌मैल झाडं, मधेच राखाडी पाण्याच्या नद्या, आणि माणूस औषधालाही नाही. बायको काचेला नाक लावून बसली होती. ती इतकी खूश मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. मला पण छान वाटत होतं, हे कबूल करतो. ते वाटत होतं म्हणूनच अधूनमधून नागपूरला किती वाजले असतील ते मोजत होतो.

डेनालीचा डोंगर आम्हाला दिसला नाही. ढगात होता. गाइड म्हणाली, दहातल्या सात जणांना दिसत नाही. मी म्हटलं, "बघ, इथेपण आपलं स्टँपिंग बाकी." बायको खो खो हसली.

मग आम्ही पार्कच्या व्हिजिटर सेंटरमध्ये गेलो. तिथे एका काउंटरवर शाईचा पॅड आणि रबरी शिक्का ठेवलेला होता. अमेरिकन लोकांकडे नॅशनल पार्कची एक वही असते, ज्या पार्कला जातील तिथला शिक्का त्यात मारून घेतात. गोल शिक्का, कडेने पार्कचं नाव, मध्ये त्या दिवसाची तारीख. साठीच्या वरचे बाप्ये रांगेत उभे राहून हौसेने मारत होते. आमच्याकडे वही नव्हती. बायकोने टूरच्या वेळापत्रकाचा कागद पुढे केला, मी शिक्का शाईत बुडवला आणि धाडकन मारला, आमच्या पोस्टातल्या माणसासारखा. इतका छान उठला! बायकोने कागदाचा फोटो काढला.

आणि मला गंमत सुचली. तो फोटो मी ताईला पाठवला. खाली लिहिलं, 'झाला बाई एकदाचा शिक्का!'

बस, एवढंच केलं. आयुष्यात माणूस मोठमोठ्या चुका करतो आणि त्या निस्तरतोही. ही चूक मी अर्ध्या मिनिटात, हसत हसत केली.

संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे नागपूरला सकाळचे साडेसात. पुढचे दोन दिवस फोनला रेंज नव्हती. एक दिवस आम्ही पार्कच्या बसमध्ये होतो. सात अस्वलं पाहिली, त्यातली चार मला दगडं वाटली. दुसऱ्या दिवशी हॉटेलचं वायफाय बंद होतं. तिसऱ्या दिवशी जुनोच्या विमानतळावर उतरलो आणि फोन टिंग टिंग करत सुटला.

पहिला निरोप ताईचा, बोलून पाठवलेला. "अरे, काय केलंस हे? तुझा फोटो आईने पाहिला. मी आत तिच्या गोळ्या काढून राहिले होते, फोन बाहेर टेबलावर. बाहेर आले तर ही बाई फोन हातात घेऊन रडत होती, आनंदाने. 'पोट्ट्याचा शिक्का झाला' म्हणे. मला नाही सांगवलं रे. तोंडच नाही उघडलं माझं. आता ती अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली आहे. तू सांग. तूच सांग, लवकर."

दुसरा आईचा. तिला बोलून निरोप पाठवायचा शोध नुकताच लागला होता, आणि ती फोनमध्ये असं बोलायची की जणू मी विहिरीच्या तळाशी आहे. "पोट्ट्या, झाला ना रे शिक्का! मला सांगितलं पण नाही, ताईला सांगतो? मला चकित करणार होता का? मी पाहिला. गोल आहे, तारीख पण आहे त्याच्यात. खालच्या काकूंनी पण पाहिला, त्यांचा जावई सरकारी नोकरीत आहे, त्या म्हणाल्या, पक्का शिक्का आहे. आता कवाचं तिकीट काढून राहिला ते सांग. सूनबाईला म्हणावं, गोळाभात शिकवते तिला, पुण्याच्या लोकांना काही येत नाही. अन् डॉक्टरला मी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत मला टिकवा, मंग तुमचं तुम्ही पाहा. हसले ते."

मी सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होतो. आमच्या बॅगा दोनदा समोरून गेल्या.

बायकोने दोन्ही निरोप ऐकले. म्हणाली, "आत्ता फोन कर." जुनोला दुपारचे साडेतीन वाजले होते, तिकडे पहाटेचे पाच. मी म्हटलं, झोपली असेल. बोटीवर चढलो तेव्हा साडेचार झाले होते, तिकडे सहा. आई सहाला उठते, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. बोट साडेपाचला सुटणार होती. गाइडने सांगून ठेवलं होतं, ज्यांना फोन करायचे त्यांनी आत्ताच करा, आता सहा दिवस रेंज नाही. माझ्याकडे एक तास होता.

मी नाही केला. मी त्या तासात लाइफ जॅकेट कसं घालायचं त्याचं प्रात्यक्षिक अतिशय लक्षपूर्वक पाहिलं. मग कॅबिनमध्ये बॅगा उघडून कपडे लावले. मग डेकवर गेलो आणि किनारा मागे जाताना पाहिला. फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं.

तिथलं समुद्राचं पाणी म्हणजे सरोवरासारखं, दोन्हीकडे डोंगर. दुसऱ्या दिवशी देवमासे दिसले. सगळे लोक ओरडत एका बाजूला पळाले. मी पळालो नाही. डोक्यात एकच चालू होतं: आई आता कोणाला सांगत असेल? किराणावाल्याला? माझ्या दहावीच्या सरांना? जितके दिवस जातील तितकी माणसं वाढणार, आणि तितक्या माणसांपुढे तिला परत जाऊन 'नाही, झाला नव्हता' म्हणावं लागणार. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. जिने उभ्या जन्मात कोणापुढे मान खाली घातली नाही.

दुसरं असंही वाटायचं, की सांगूच नये. तिला दिवाळीपर्यंत वाट बघू दे. आनंदात राहील. डॉक्टर म्हणालेच आहेत की... पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण केलं नाही. आईचं आयुष्य कमी पडलं तर माझं खोटं पचेल, असा तो हिशेब होता. मी इतका नीच आहे हे मला तिथे, त्या सुंदर पाण्यात, कळलं.

चौथ्या दिवशी आम्ही हिमनदीच्या तोंडाशी गेलो. बोटीवरून रबरी होड्यांमध्ये उतरवतात, एका होडीत आठ-दहा माणसं. समोर निळ्या बर्फाची भिंत, आजूबाजूला तरंगणारे तुकडे. गाइडने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, आता पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही, फक्त बर्फाचा आवाज ऐकायचा. सगळे डोळे मिटून बसले. आणि बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "ठरवलंस का?"

"काय?"

"काय सांगणार ते."

"इथे? आत्ता?"

"चार दिवस झाले, तू बोलत नाहीस. जेवत नाहीस. मी ह्या ट्रिपची पंधरा वर्षं वाट बघितली आणि मला एका मुक्या माणसाबरोबर फिरायला लागतंय."

"मग मी काय करू? तुला काय वाटतं, मला जायचं नाहीये? शिक्का नाही तर मी काय पोहत जाऊ?"

"बास झालं ते शिक्का शिक्का!" ती कुजबुजत होती, पण दात ओठ खाऊन. "जायला कोण अडवतंय तुला? आज जाता येतं. तू घाबरतोस ते परत येण्याला. हरकत नाही, मीपण घाबरते. नोकरी गेली तर घर कसं चालायचं, मला कळत नाही का? पण मग घाबरतो असं म्हण ना! सहा वर्षं त्या म्हातारीला सरकारचं नाव सांगतोयस. ती बिचारी देवाला नवस करते, शिक्का होऊ दे म्हणून. देवाने तरी काय करायचं?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय."

"ताई सांभाळते ना तिला—"

"ताई सांभाळते! वा रे वा!" आणि मग ती रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. राग होता, तिचा, स्वतःचा, सगळ्यांचा. बर्फाचा मोठा तुकडा सुटून पाण्यात पडला, खूप आवाज झाला म्हणतात. मी तो ऐकला नाही.

होडी परत फिरली तेव्हा समोर बसलेल्या गोऱ्या आजीबाईंनी माझ्या बायकोचा हात धरला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, तुम्ही दोघांनी तुमच्या भाषेत प्रार्थना म्हटलीत, मला त्यातला शब्दही कळला नाही, पण इतकं सुंदर मी काही ऐकलं नव्हतं. बायकोने थँक यू म्हटलं. काय करणार?

कॅबिनमध्ये आल्यावर आम्ही त्यावर हसलो. हसता हसता ती म्हणाली, "खरं सांग त्यांना. सगळं. त्या चिडतील, चिडू देत. तुला शिव्या घालायचा तरी हक्क दे त्यांना." मी हो म्हटलं. त्यानंतरचे दोन दिवस मी देवमासे पाहिले, जेवलो, फोटोसुद्धा काढले. वाक्यं मात्र मनात जुळवत होतो. इंटरव्ह्यूलासुद्धा एवढी तयारी केली नसेल.

बोट सिटकाला लागली ती दुपारी. टूरचा शेवटचा कार्यक्रम होता, गावातल्या ओढ्यावर सॅमन मासे बघायचा. समुद्रात वर्षानुवर्षं राहून हे मासे ज्या ओढ्यात जन्मले तिथेच परत येतात, प्रवाहाच्या उलट, अंगाची सालं निघेपर्यंत. गाइड हे सांगत होती आणि मला वाटलं, ही बाई मुद्दाम मला टोमणा मारतेय. संध्याकाळी पाच वाजता मी गटातून बाजूला झालो. ओढ्याजवळ एक बाक होता. बायको जरा लांब उभी राहिली. तिकडे सकाळचे साडेसहा. फोन लागला.

"अगं बाई! पोट्ट्या! आला का कामावरून? तिकीट काढलं का?"

"आई, आधी ऐक. तो शिक्का... तो पासपोर्टचा नव्हता."

"म्हणजे?"

"इथे एक जंगल आहे, अलास्का म्हणून. तिथे फिरायला आलेल्या लोकांना मारू देतात शिक्का. आठवण म्हणून. मी ताईला गंमत म्हणून पाठवला होता. ऑफिसचं काम नव्हतं आई. आम्ही दोघं फिरायला आलो आहोत."

मागे गॅसवर काहीतरी उकळत होतं.

"फिरायला," ती म्हणाली.

"हो."

"बरं केलं. सूनबाई पण घरात बसून कंटाळत असन." आणि मग, "मंग खरा शिक्का?"

"तो नाही झाला. त्याला मुंबईला यावं लागतं, त्यांच्या कचेरीत. तारीख घेऊन."

"मुंबईला? आपल्या मुंबईला?"

"हो."

"म्हणजे शिक्का इकडेच मिळून राहिला?"

"हो."

मी एवढी वाक्यं जुळवली होती, त्यात हा प्रश्न नव्हता. आई विचार करत होती, आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

"मंग इकडे यायला तो लागत नाही?"

"नाही."

"मंग कशाला लागतो रे?"

"परत इकडे यायला, आई. अमेरिकेत."

"अस्सं होय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, मला शिव्या दे." खरंच म्हटलं. फोनवर, त्या बाकावर, पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याने.

"शिव्या काऊन देऊ? नोकरी आहे, घर आहे. परत तर जावंच लागते माणसाला." मग म्हणाली, "चहा उतू जाऊन राहिला, ठेवते. थंडी असन तिथं. कान झाकून घे."

त्या फोननंतर आईने शिक्क्याचं कधी विचारलं नाही. एकदाही नाही. बिल्डिंगमध्ये तिने काय सांगितलं ते मला ताईकडून कळलं: माझ्या ऑफिसने ऐनवेळी सुट्टी नाकारली, असं. म्हणजे माझ्या खोट्याला ठिगळ लावायचं कामसुद्धा तिनेच केलं. मी दिवाळीला येतो म्हणालो. दिवाळीच्या आधी आमच्या कंपनीत लेऑफचं वारं सुटलं, तेव्हा मी मार्चला येतो म्हणालो. तेव्हा सुट्टीचा विषय काढायचीसुद्धा मला भीती वाटत होती. आई म्हणायची, "ये तुझ्या सवडीने." तिला काय आवडतं, काय दुखतं, हे मी रविवारी रविवारी विचारत गेलो आणि ती उत्तरं देत गेली, पण पाहुण्याला द्यावीत तशी.

जानेवारीत ताईचा फोन आला. ती म्हणाली, "गेली रे आई." सकाळी आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं तिने, आणि खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

त्याच संध्याकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं. विमानतळावर काउंटरवरच्या पोरीने पासपोर्ट उघडला, नाव पाहिलं, बोर्डिंग पास दिला. बाकी काही विचारलं नाही तिने. दीड मिनिटाचं काम. मी तिथेच उभा राहिलो, तर ती म्हणाली, आणखी काही हवंय का? मागच्या माणसाने बॅग पुढे सरकवली.

आईला माझ्यासाठी ठेवणार होते, पण डॉक्टर नाही म्हणाले. ताईनेच अग्नी दिला. मी पोचलो तेव्हा घरात दिवा लावलेला होता आणि खालच्या काकू म्हणाल्या, "आलास बाबा." त्यांनी वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. अमेरिकन बाई आहे, कामापुरतं बोलणारी. आईबद्दल चार चांगले शब्द बोलली आणि मग विचारलं, परत कधी? मी सगळं सांगून टाकलं, व्हिसाचा कागद संपलेला आहे, मुंबईची तारीख मे महिन्याची मिळाली आहे, चार महिने मला येता येणार नाही. नोकरी जाणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती.

ती म्हणाली, "मग तिकडूनच काम कर. पुण्याला आपलं ऑफिस आहेच, घरून केलंस तरी चालेल. मी आणखी दोघांना अशी परवानगी दिली आहे. हवे तेवढे दिवस राहा." आणि मग, अगदी सहज, "तू आधी कधी विचारलंच नाहीस."

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात आलो. ताई ओट्याशी उभी राहून आईच्या गोळ्यांचे डबे रिकामे करत होती.

"कोणाचा फोन?"

"ऑफिसचा."

"बोलावून राहिले का परत?"

"नाही. राहा म्हणाले. हवे तेवढे दिवस इथे राहा, इथूनच काम कर म्हणाले."

तिने हातातला डबा ओट्यावर ठेवला.

"आता?" ती म्हणाली.